‘डॉग सोल्जर्स’ हे नाव आले कुठून: एका लेखाच्या पडताळणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका मराठी मासिकाच्या लष्करी इतिहास विशेषांकासाठी सैन्यातल्या टोपणनावांवर एक लेख आला. लेखक निवृत्त लष्करी अधिकारी होते, लिखाण ओघवते होते आणि विषय वाचकाला धरून ठेवणारा होता. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या शायान लोकांत ‘डॉग सोल्जर्स’ नावाचे योद्धे होते. अमेरिकी सैन्याने त्यांची इतकी धास्ती घेतली की पुढे त्या सैन्यात कुत्र्यावरून जी जी टोपणनावे पडली ती सगळी यांच्यापासूनच आली. पायदळाचा शिपाई तो ‘डॉगफेस’, मरीन सैनिक ते ‘डेव्हिल डॉग्ज’, गळ्यातली ओळखपट्टी ती ‘डॉग टॅग’. मूळ सगळ्यांचे एकच. एवढ्यावर न थांबता, ‘शायान’ हे जमातीचे नावसुद्धा फ्रेंच भाषेतल्या कुत्र्याच्या शब्दावरून, म्हणजे ‘शियाँ’वरून पडले, असेही लेखात होते.

संपादनाचे काम तिघांकडे होते. त्यांपैकी एकीचा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इतिहासाचा अभ्यास होता. तिने पहिल्याच वाचनात समासात सात ठिकाणी खुणा केल्या. दुसऱ्याचे मत होते की टोपणनावांच्या कथा सगळीकडे अशाच असतात, वाचकालाही ते ठाऊक असते, तेव्हा फार खोलात जाऊ नये. तिसऱ्याकडे छपाईचे वेळापत्रक होते.

अडचण

सगळेच चुकीचे असते तर लेख साभार परत करून काम भागले असते. इथे खरे आणि खोटे एकमेकांत घट्ट विणलेले होते. डॉग सोल्जर्स नावाचे योद्धे होते हे खरे. त्यांच्यातले निवडक वीर एक लांब पट्टी अंगावर घेऊन लढाईत स्वतःला जमिनीला खिळवून घेत, हेही खरे. 11 जुलै 1869 रोजी कोलोरॅडोत समिट स्प्रिंग्ज इथे त्यांचा निर्णायक पराभव झाला आणि त्यांचा पुढारी टॉल बुल मारला गेला, हेही खरे. पण 1868 च्या बीचर आयलंडच्या लढाईत पडलेला रोमन नोज हा ‘डॉग सोल्जर्सचा सरदार’ असल्याचे लेखात म्हटले होते, ते चूक. तो त्यांच्या बाजूने लढला, पण तो उत्तरेकडच्या शायानांपैकी, वेगळ्या योद्धामंडळाचा सदस्य होता आणि सरदार तर तो कधीच नव्हता.

याहून मोठा गुंता नावातच होता. ‘डॉग सोल्जर्स’ हे एक नाव दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. आधी ते एका योद्धामंडळाचे नाव होते. 1838 नंतर ते एका संपूर्ण टोळीचेही नाव झाले. लेखकाने एका वाक्यात मंडळ आणि पुढच्या वाक्यात टोळी धरली होती. त्यामुळे नाव कशावरून पडले या प्रश्नाला उत्तर देताना कोणत्या काळाबद्दल बोलतो आहोत याचा पत्ताच लागत नव्हता.

नावाविषयी जे हाती होते

शायान स्वतःला त्सित्सिस्तास म्हणतात. त्यांच्या भाषेत या मंडळाचे नाव होतामेतानेओ. ‘होतामे’ म्हणजे कुत्रा आणि ‘हेतानेओ’ म्हणजे पुरुष, माणसे. सरळ अर्थ ‘कुत्रा-पुरुष’. यात ‘सोल्जर’ कुठेच नाही. तो भाग बाहेरच्यांनी जोडला आणि त्याला कारण होते. मैदानी जमातींमध्ये अशी मंडळे लढाईखेरीज छावणीतली शिस्तही सांभाळत. छावणी हलवताना रांग कोणी मोडू नये, सामुदायिक शिकारीत कोणी एकट्याने पुढे धावून बायसनचा (अमेरिकी रानगव्यांचा) कळप उधळू नये, हे बघण्याची पाळी एकेका मंडळाकडे येई. नियम मोडणाऱ्याला चाबकाचे फटके बसत, प्रसंगी त्याचे धनुष्य मोडले जाई, घोडा मारला जाई. अन्नाचा वर्षभराचा साठा एका शिकारीवर अवलंबून असलेल्या समाजात ही शिक्षा कठोर वाटली तरी अकारण नव्हती. असा बंदोबस्त ठेवणाऱ्यांना व्यापारी आणि प्रवासी ‘सोल्जर’ म्हणू लागले. ‘फॉक्स सोल्जर्स’, ‘एल्क सोल्जर्स’ अशी इतर मंडळांचीही नावे इंग्रजीत याच पद्धतीने बनली. म्हणजे या नावाचा निम्मा भाग शायानांचा आणि निम्मा पाहणाऱ्यांचा. मूळ लेखात हे अजिबात नव्हते, आणि पडताळणीतून हाती आलेली पहिली भक्कम गोष्ट हीच.

मग कुत्राच का? याबद्दल शायान परंपरेत दोन प्रकारचे निवेदन मिळते. एकात पवित्र बाण आणणारा प्रेषित स्वीट मेडिसिन याने मंडळांची व्यवस्था लावून दिली असे सांगतात. दुसरे निवेदन या एका मंडळापुरते आहे. शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने 1905 साली छापलेल्या नोंदीत ते सापडते. एका तरुणाने आपले मंडळ काढायचे ठरवले. तो काही वजनदार घरचा नव्हता, त्याच्या हाकेला कोणी आले नाही. रात्री तो गाऊ लागला तेव्हा छावणीतली सगळी कुत्री त्याच्यामागे निघाली. म्हातारी निघाली, तरणी निघाली, आया पिल्लांना तोंडात धरून निघाल्या. नदीकाठी एक तंबू आपोआप उभा राहिला, कुत्री त्यात शिरून माणसे झाली, त्यांनी त्याला मंडळाचा पोशाख, गाणी आणि नृत्य शिकवले. लोक बघायला आले तेव्हा तंबू नाहीसा झाला आणि कुत्री पुन्हा कुत्री झाली. त्यानंतर मात्र त्याच्या हाकेला बरेच पुरुष आले.

या कथेत नाव पडण्याचे कारण शौर्य नाही, इमानही नाही. ज्याला माणसांनी नाकारले त्याला कुत्र्यांनी दिलेली विद्या, हे ते कारण आहे. लेखात ‘कुत्र्यासारखे इमानी म्हणून हे नाव’ असे ठामपणे लिहिले होते. हा अर्थ आपल्या बाजूने घातलेला आहे, त्यांच्या परंपरेतून आलेला नाही.

पट्टीचा मुद्दाही इथेच तपासला गेला. कमावलेल्या कातड्याची ही पट्टी साधारण 8 ते 10 फूट लांब असे. तिच्यावर साळिंदराच्या काट्यांचे आणि पिसांचे काम असे. वरच्या टोकाला चीर. तीतून डोके आणि उजवा हात घालून पट्टी डाव्या काखेखालून मागे सोडत. खालच्या टोकाला तांबड्या रंगाची लाकडी खुंटी. मंडळात अशा चारच पट्ट्या, चार सर्वांत शूर मानलेल्या पुरुषांसाठी. माघार घेणाऱ्या साथीदारांना पाठीशी घालायचे असेल तेव्हा पट्टीवाला खुंटी जमिनीत ठोकून तिथेच उभा राही. ती स्वतः उपटायची त्याला मुभा नव्हती. साथीदाराने खुंटी काढून, कुत्र्याला हाकलावे तसा चाबूक मारून त्याला मागे पिटाळले, तरच सुटका. समिट स्प्रिंग्जला एका पट्टीवाल्याने अशीच खुंटी ठोकली आणि तो तिथेच पडला.

लेखकाने या पट्टीवरूनच नाव पडले असे लिहिले होते: कुत्रा बांधतात तसे बांधून घेत म्हणून ‘डॉग’. वाचायला हे पटकन पटते. पण उगमाच्या कथेत पट्टीला ते स्थान नाही, आणि पट्टी चौघांकडे तर नाव सगळ्या मंडळाचे. म्हणून पट्टी मंडळाचे लक्षण म्हणून सांगायची, नावाचे कारण म्हणून नाही, असे ठरले.

मंडळाची टोळी कशी झाली

हा भाग मूळ लेखात एका ओळीत उरकला होता. खरे तर नावाचा अर्थ बदलला तो इथे, म्हणून त्याला सर्वाधिक जागा द्यावी असा अभ्यासक संपादिकेचा आग्रह होता, आणि तो योग्य होता.

1837 मध्ये शायानांच्या दुसऱ्या एका मंडळाचे, बोस्ट्रिंगचे, 48 जण कायोवा या दुसऱ्या जमातीवरच्या स्वारीत मारले गेले. सूड घेण्यासाठी डॉग मंडळाचा पुढारी पॉर्क्युपाइन बेअर युद्धाची चिलीम घेऊन छावणीछावणीत फिरू लागला. अशाच एका छावणीत दारू आली, दोन नातलगांत भांडण जुंपले आणि त्यात पॉर्क्युपाइन बेअरने लिटल क्रीक नावाच्या शायान माणसाला भोसकून मारले. आपल्याच माणसाचा खून हा शायान कायद्यातला सर्वांत मोठा अपराध. त्याने पवित्र बाणांवर रक्ताचे डाग पडतात, बाणांचे नूतनीकरण करावे लागते, आणि खुन्याला व त्याला साथ देणाऱ्या आप्तांना जमातीबाहेर जावे लागते. चव्वेचाळीस सरदारांच्या सभेपुढे पर्याय नव्हता.

मंडळाचा पुढारीच बहिष्कृत झाला. 1838 मध्ये वुल्फ क्रीकवर कायोवा आणि कोमांचे यांच्याशी लढाई झाली तेव्हा या बहिष्कृतांनी वेगळे राहून सर्वांत आधी हल्ला चढवला, पण बहिष्कृत म्हणून त्यांना पहिल्या वाराचा मान मिळाला नाही. ते रिपब्लिकन आणि स्मोकी हिल या नद्यांच्या वरच्या भागात वेगळे राहू लागले. 1849 च्या पटकीने मासिकोता ही शायान टोळी जवळजवळ संपली, तेव्हा वाचलेले लोक यांच्यात आले. लाकोटांशी सोयरिकी झाल्या. बायकामुलांसकट एक पूर्ण टोळी उभी राहिली आणि तिचे नाव तेच राहिले: डॉग सोल्जर्स. इतर मंडळांत वेगवेगळ्या टोळ्यांचे पुरुष असत. इथे टोळीचा पुरुष तो मंडळाचा सदस्य, असे समीकरण झाले.

1860 च्या दशकातल्या सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत ‘डॉग सोल्जर्स’ येते ते मुख्यतः या टोळीसाठी. 28 सप्टेंबर 1864 रोजी डेन्व्हरजवळ कॅम्प वेल्ड इथल्या बोलणीला बुल बेअर आला तो या टोळीचा पुढारी म्हणून. दोनच महिन्यांनी, 29 नोव्हेंबरला, सँड क्रीकवर शांतताप्रिय शायान आणि अरापाहो छावणीची कत्तल झाली, आणि तडजोड करू नये म्हणणाऱ्या डॉग सोल्जर्सकडे इतर टोळ्यांचे तरुण ओढले गेले. त्यांच्या नावाचा दरारा पसरला तो या वर्षांत. लेखकाच्या मनातले डॉग सोल्जर्स हे होते. त्यांनी वर्णन केलेली गाणी, पट्ट्या आणि पिसांचे शिरोभूषण मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचे.

पर्याय

चार वाटा चर्चेत आल्या. पहिली, लेख परत करणे. लेखक जाणकार होते, लढायांचा भाग उत्तम होता. ही वाट लगेच सोडली गेली. दुसरी, प्रत्येक शंकास्पद वाक्याला ‘असे म्हणतात’ जोडून छापणे. वेळापत्रक सांभाळणाऱ्याला ती सोयीची वाटली. तिला विरोध झाला तो असा: ‘असे म्हणतात’ कोण म्हणते हे वाचक विचारत नाही, पुढे उद्धृत करताना ते दोन शब्द गळून पडतात आणि दाव्याच्या खाली मासिकाचे नाव राहते. तिसरी वाट, टोपणनावे पूर्ण काढून फक्त डॉग सोल्जर्सवरचा लेख ठेवणे. चौथी, प्रत्येक टोपणनावासमोर त्याची जुन्यात जुनी ज्ञात नोंद लिहायची, ती आणि डॉग सोल्जर्स यांच्यात काळाचा, जागेचा, माणसांचा दुवा दिसतो का ते तपासायचे, आणि त्यातून जे टिकेल तेवढ्यावर लेख पुन्हा बांधायचा.

चौथी निवडली गेली. लेखकांना दूरध्वनीवर सगळे मोकळेपणाने सांगितले. ‘सर, तुमचा लढायांचा भाग आम्ही एका शब्दाने कमी करत नाही, पण टोपणनावांची साखळी टिकत नाही,’ अशी सुरुवात झाली. त्यांनी एक अट घातली: जे काढाल त्याचे कारण लेखातच द्या. ही अट लेखाच्या भल्याचीच ठरली, कारण खोडलेला दावा गुपचूप नाहीसा न होता वाचकापुढे आला.

काय केले: टोपणनावांची तपासणी

एका तक्त्यात चार रकाने केले: टोपणनाव, पहिली ज्ञात नोंद, नोंद कोणाची, शायानांशी दुवा. चौथा रकाना जवळजवळ रिकामाच राहिला.

‘डॉग टॅग’ सर्वांत लवकर निकालात निघाले. अमेरिकी लष्कराने 20 डिसेंबर 1906 च्या आदेशाने सैनिकाच्या गळ्यात ॲल्युमिनियमची गोल चकती घालायला सांगितले. 1916 पासून दोन चकत्या झाल्या, एक मृतदेहासोबत राहावी आणि एक नोंदीसाठी घेता यावी म्हणून. पाळीव कुत्र्याच्या गळ्यातल्या परवान्याच्या बिल्ल्याशी असलेले साम्य हे नावाचे उघड कारण. समिट स्प्रिंग्ज आणि 1906 यांच्यात 37 वर्षे आहेत, आणि मधल्या काळाला जोडणारा एकही कागद नाही.

‘डेव्हिल डॉग्ज’ची गोष्ट जास्त बोधप्रद आहे. लोकप्रिय कथा अशी की जून 1918 मध्ये फ्रान्समधल्या बेलो वुडच्या लढाईत मरीनचा आवेश पाहून जर्मनांनी त्यांना ‘सैतानी कुत्रे’ म्हटले. पण हे नाव अमेरिकी वर्तमानपत्रांत एप्रिल 1918 मध्येच छापले गेले होते, म्हणजे लढाई सुरू होण्याआधी. शिवाय भरतीच्या भित्तिचित्रावरचे ‘टॉयफेल हुंडेन’ हे रूप जर्मन व्याकरणाला धरून नाही. जर्मन माणूस ‘टॉयफेल्सहुंड’ म्हणेल, अनेकवचनात ‘टॉयफेल्सहुंडं’. नाव अमेरिकी प्रचारात वाढले, 1922 मध्ये मरीन दलाने बुलडॉग बोधचिन्ह म्हणून पाळला, आणि आज ते दल ते नाव अभिमानाने मिरवते. शायानांचा यात कुठे संबंध नाही. लेखकाला ही तारीख दाखवली तेव्हा त्यांनी हा परिच्छेद स्वतःच नव्याने लिहून दिला, आणि तो लेखातला सर्वांत चांगला परिच्छेद झाला.

‘डॉगफेस’ हा पायदळाचा शब्द दुसऱ्या महायुद्धात सर्वतोमुखी झाला. 1942 साली त्यावर रचलेले गाणे पुढे तिसऱ्या पायदळ डिव्हिजनचे गाणे बनले. चिखल, खंदक, कायम हुकमाखाली राहणे, अशी कारणे सैनिकांनीच वेगवेगळ्या तऱ्हेने दिलेली आहेत. शायानांकडे जाणारी कथा नंतरची, आणि तिच्यामागे साम्याखेरीज काही नाही. हे नाव लेखात ठेवले, पण ‘स्वतंत्र उगम’ या उपशीर्षकाखाली.

‘शायान’ आणि ‘शियाँ’ यांचे साम्यही असेच कानाला फसवणारे. शायान हे नाव आले आहे त्यांच्या शेजाऱ्यांच्या, डकोटांच्या, ‘शाहियेना’ या शब्दावरून. कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. ही चूक छापली गेली असती तर सर्वांत नुकसानकारक ठरली असती, कारण एका समाजाचे नावच कुत्र्यावरून पडले असे विधान मराठीत शिवीसारखे ऐकू येते.

चौथ्या रकान्यात अखेर एकच नोंद झाली, आणि ती कुत्र्यांची नव्हती. ‘बफेलो सोल्जर्स’ हे 1866 मध्ये उभारलेल्या कृष्णवर्णी घोडदळाचे टोपणनाव मैदानी जमातींनी दिले असे 1872 आणि 1873 मधल्या लिखाणात सापडते. शायानांनी दिले की कोमांचांनी, यावर दोन बाजू आहेत. पण नाव मैदानातून आले याला समकालीन आधार आहे. आणि इथे डॉग सोल्जर्सशी खरी गाठ पडते. सप्टेंबर 1868 मध्ये बीचर आयलंडवर डॉग सोल्जर्स आणि त्यांच्या मित्रांनी मेजर फोर्सिथच्या 50 जणांच्या तुकडीला वेढले होते. 25 तारखेला त्यांच्यापर्यंत पोचली ती दहाव्या घोडदळाची, म्हणजे याच बफेलो सोल्जर्सची कुमक. ‘सोल्जर्स’ शेपूट असलेली ही दोन नावे, एक पाहणाऱ्या गोऱ्यांनी शायानांना दिलेले आणि दुसरे पाहणाऱ्या जमातींनी अमेरिकी सैनिकांना दिलेले, त्याच मैदानावर समोरासमोर आली होती. लेखाचा नवा कणा हा ठरला.

मराठी शब्दांचे निर्णय

मूळ लेखात ‘रेड इंडियन’ होते. ते काढून जमातीचे नाव, आणि जिथे एकत्रित उल्लेख हवा तिथे ‘मूळ अमेरिकी’ असे केले. ‘डॉग सोल्जर्स’चे ‘श्वानसैनिक’ करावे का यावर सर्वांत लांब चर्चा झाली. ‘श्वान’ म्हटले की पोलिसांचे श्वानपथक डोळ्यांपुढे येते, ‘कुत्रा फौज’ म्हटले की अपमान. म्हणून शायान नाव एकदा अर्थासह द्यायचे आणि पुढे रूढ ‘डॉग सोल्जर्स’ ठेवायचे असे ठरले. ‘सोसायटी’साठी लेखकाने सुचवलेला ‘आखाडा’ नाकारला गेला, कारण त्याला साधूंचा आणि पैलवानांचा वास आहे, ‘योद्धामंडळ’ घेतले.

मराठी वाचकाला कुत्र्याचे नाव धारण करण्यातला मान कळावा म्हणून जेजुरीचा वाघ्या आठवून द्यावा, ही सूचनाही आली. खंडोबाला वाहिलेला वाघ्या देवाचा कुत्रा होऊन भुंकतो, जमिनीवर ठेवलेल्या कोटंब्यातले अन्न खातो, आणि यात त्याला कमीपणा वाटत नाही. सूचना मोलाची होती, कारण आपल्याकडेही कुत्रा होणे ही सेवा असू शकते हे त्यातून लगेच समजते. पण वाघ्याची भक्ती एका देवाशी बांधलेली, तर डॉग मंडळाची विद्या कुत्र्यांनीच माणसाला दिलेली. म्हणून हा उल्लेख एका वाक्यात ठेवला आणि साम्य कुठे संपते तेही त्याच वाक्यात सांगितले.

लेखकाने मराठा लाइट इन्फंट्रीचाही परिच्छेद जोडला होता: जवानांना म्हणतात ते ‘गणपत’, आणि दुसऱ्या बटालियनचे ‘काली पांचवी’. दुसऱ्या नावातली ‘पाचवी’ हे जुन्या क्रमांकाचे अवशेष आहेत. मुंबईची पाचवी पलटण 1903 मध्ये 105 वी झाली, 1922 मध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, तरी नाव टिकले. परिच्छेद अचूक होता, पण शायानांच्या लेखात तो पाहुणा वाटत होता. तो काढून त्याच अंकात स्वतंत्र टिपण म्हणून दिला.

एक निर्णय मंडळाच्या गाण्यांबद्दल होता. जुन्या नोंदींत विधींचे आणि गाण्यांचे तपशील छापलेले आहेत. ते मराठीत आणायचे नाहीत असे एकमताने ठरले. उगमकथेचा गाभा दिला, विधीचा क्रम दिला नाही.

निष्पत्ती

लेख तीन हजार शब्दांवरून दोन हजारांवर आला आणि एका अंकाने पुढे ढकलला गेला. मूळ सात खुणांपैकी चार ठिकाणचा मजकूर काढला, दोन ठिकाणी बदलला, आणि रोमन नोजबद्दलचे वाक्य दुरुस्त केले. वाचकांची पत्रे आली ती मुख्यतः पॉर्क्युपाइन बेअरच्या बहिष्काराबद्दल. मूळ मसुद्यात हाच भाग एका ओळीचा होता. सैन्यातल्या काही वाचकांनी ‘डेव्हिल डॉग्ज’ची बेलो वुडची कथा आपण प्रशिक्षणात ऐकल्याचे कळवले आणि एप्रिल 1918 ची तारीख मान्य करायला ते नाराज होते. त्यांना वर्तमानपत्राच्या नोंदीसह उत्तर दिले गेले.

एक चूक छापून गेलीच. पट्टीच्या चित्राखालच्या ओळीत ‘1869 नंतर हे मंडळ नामशेष झाले’ असे होते. त्या वर्षी मोडली ती टोळीची लष्करी ताकद. होतामेतानेओ हे मंडळ मात्र आजही शायान समाजात, मोंटानात आणि ओक्लाहोमात, आहे. मंडळ आणि टोळी यांतला फरक लेखभर सांभाळून शेवटी चित्राच्या ओळीत तो सुटला, कारण चित्रओळी लेखापासून वेगळ्या, मांडणीच्या वेळी लिहिल्या गेल्या होत्या. पुढच्या अंकात दुरुस्ती ठळकपणे छापली.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट क्रमाची. टोपणनावांची तपासणी आधी झाली आणि मंडळाच्या इतिहासाची नंतर. उलट केले असते तर ‘डॉग सोल्जर्स’ म्हणजे नेमके कोण हे आधी पक्के झाले असते आणि प्रत्येक दाव्याला ‘मंडळ की टोळी, 1838 च्या आधी की नंतर’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारता आला असता. चित्रओळीतली चूकही बहुधा टळली असती.

दुसरी गोष्ट साधनांची. सुरुवातीचा सगळा आधार बाहेरच्या अभ्यासकांच्या नोंदींवर होता. मोंटानातल्या लेम डिअर इथल्या चीफ डल नाइफ कॉलेजने शायान भाषेचा कोश उपलब्ध करून दिला आहे. तो पहिल्या दिवशी उघडायला हवा होता. कोशापर्यंत पोचायच्या आत ‘होतामेतानेओ’ची तीन वेगवेगळी देवनागरी रूपे मसुद्यात शिरली होती, आणि त्यांतले एक केवळ इंग्रजी अक्षरे मराठीत उच्चारून तयार झालेले होते. डेन्व्हरच्या राज्य इतिहास संग्रहालयात समिट स्प्रिंग्जच्या छावणीत सापडलेली चित्रवही आहे. डॉग सोल्जर्सनी स्वतःच्या पराक्रमांची चित्रे तिच्यात काढली आहेत. लेखासोबत पट्टीचे नंतरच्या काळातले कल्पनाचित्र वापरण्याऐवजी तिच्यातल्या एखाद्या पानासाठी परवानगी मागता आली असती.

तिसरी गोष्ट लेखकाशी बोलण्याची वेळ. तक्ता पूर्ण झाल्यावर त्यांना दाखवला गेला. अर्धा भरला असतानाच दाखवला असता तर सैन्यातल्या शब्दांच्या जुन्या नोंदी शोधायला त्यांचीच मदत झाली असती. ‘काली पांचवी’चा क्रमांकांचा पट त्यांनी एका दिवसात, तारखांसह, लिहून दिला होता. मासिकाने त्यानंतर टोपणनावांच्या प्रत्येक लेखासाठी तोच चार रकान्यांचा तक्ता ठेवला आहे, फक्त आता तो लेखकाकडे मसुद्याआधी जातो आणि त्याला पाचवा रकाना आहे: हे नाव कोणी कोणाला दिले.